दगडातले शिंपले आणि ताटातल्या तिसऱ्या

धार जिल्ह्यात बाघची लेणी पाहायला जाणारे रसिक भित्तिचित्रांचे कौतुक करून परततात. त्याच मुलखातल्या चुनखडीच्या दगडाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. त्या दगडात शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, त्याची ही खूण. समुद्र केव्हाच ओसरला आणि आपण माळवेकर डाळ-बाफल्यांचे धनी झालो!

वेंगुर्ल्याहून देवासला सून म्हणून आलेल्या एका बाईंना आम्ही विचारले, शिंपल्यात खाण्यासारखे असते तरी काय? त्या हसून म्हणाल्या, "अहो, शिंपला कोण खातंय? आतला गर खायचा!" मग त्यांनी सारे सांगितले. तिसऱ्या, शिवल्या, मुळे, खुबे अशी गावोगावची नावे. ओहोटी लागली की बायका खाडीच्या चिखलातून त्या हातांनी उकरून काढतात. विळीवर उघडायच्या, गर एकाच शिंपीत ठेवायचा आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजवायचा, हेच एकशिपी. सुटलेले पाणी मात्र टाकायचे नाही. बाईंचा हा शेवटचा आग्रह शास्त्राला धरून आहे, कारण त्यातले काही जीवनसत्त्व पाण्यात उतरते.

ते जीवनसत्त्व म्हणजे बी-१२. १९४८ साली ते प्रथम शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले. रक्त तयार होण्यास आणि मज्जातंतू धड राहण्यास ते हवेच. प्रौढ माणसाला दिवसाकाठी दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते. अमेरिकन कोष्टकांत शिजवलेल्या शिंपल्यांच्या १०० ग्रॅम गरात ते नव्वदाहून अधिक दिले आहे. आपल्या जातींचे आकडे थोडे निराळे असतील, पण सुरमई-पापलेटने या गरिबाच्या मासळीपुढे मान खाली घालावी, एवढे खरे. शिवाय प्रथिने भरपूर, चरबी अगदी थोडी. लोहाचे कौतुक मात्र जरा आवरते घ्यावे: जुन्या कोष्टकांतला अठ्ठावीस मिलिग्रॅमचा आकडा नव्या तपासणीत तीनच्या आसपास आला आहे.

एक सावधगिरी हवी. हा प्राणी पाणी गाळून जगतो, त्यामुळे पाण्यातले विषही त्याच्या अंगात साठते. केरळात विळिंजम येथे १९९७ साली तिसऱ्यांचेच भाऊबंद असलेले शिणाणे खाऊन सात माणसे दगावली. असले विष उकळूनही जात नाही. म्हणून समुद्राला लाल पाणी आले असता किंवा गटाराच्या तोंडाशी काढलेला माल घेऊ नये.

आता देवास-धारच्या शाकाहारी घरांनी काय करावे? डाळ-भाजीत बी-१२ नसते. पेलाभर दुधात सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळते. दिवसाला दोन-तीन पेले दूध-दही पोटात गेले तर बहुतेकांचे भागते. पण आपल्याकडची वडीलधारी मंडळी दूध सोडून नुसत्या चहावर दिवस काढतात, मग हातापायांना मुंग्या आल्या, थकवा वाटला, की "वय झालं" म्हणून गप्प बसतात. अशांची रक्ततपासणी याच महिन्यात करून घ्यावी. उणीव निघालीच तर गोळ्या वा इंजेक्शने देवासातही मिळतात, त्यासाठी वेंगुर्ले गाठावे लागत नाही.