सवलत ट्रस्टच्या दवाखान्याला, हक्क तुमचा



ठिबकचे अनुदान कसे मिळते, ते तुम्हांला नव्याने सांगायला नको. अर्ज होतो, संच बसतो, मग आमच्या खात्याचा माणूस रानात येऊन तपासणी करतो. सरकारी पैसा घेतला की त्याचे काम दाखवावे लागते, हा साधा हिशेब आहे. दवाखान्यालाही हाच हिशेब लागू आहे. आपल्याकडे मात्र फार थोड्यांना ते ठाऊक असते.

शिरोली एमआयडीसीच्या आसपास बऱ्याच घरांत ऊस आणि पगार दोन्ही असतात. बाप रानात, पोरगा फौंड्रीत. भट्टीचा चटका, हमरस्त्यावरचा अपघात, पाणी पाजताना झालेला सर्पदंश, असे काही झाले की रात्रीतून अनामत रकमेची जुळवाजुळव सुरू होते. दागिने गहाण पडतात, म्हैस बाजार दाखवते. अशा वेळी पुढील माहिती उपयोगी पडेल.

अनेक मोठी रुग्णालये सार्वजनिक ट्रस्टची असतात. त्यांना आयकरात सूट मिळते. काहींना सरकारी जमीन कमी दराने, तर काहींना जादा बांधकामाची परवानगी मिळते. हेही अनुदानच, फक्त ते रोख दिसत नाही. त्या बदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ४१ कक, यांनी अशा रुग्णालयांवर गरिबांच्या उपचाराचे बंधन घातले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली योजना २००६ पासून लागू आहे.

योजना अशी आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. वर्षाला १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब निर्धन गटात येते आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतचे दुर्बल गटात. महिना १५ हजार पगार म्हणजेच वर्षाचे १ लाख ८० हजार झाले. त्यात शेतीचे उत्पन्न मिळवले की आपल्यापैकी बरीच घरे दुसऱ्या गटात बसतील. म्हणून "आपण काही दारिद्र्यरेषेखाली नाही" असे म्हणून परत फिरू नका.

यात दवाखान्याचे उपकार मानण्याचे कारण नाही. इतर रुग्णांच्या एकूण बिलातील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. गरिबाच्या औषधांचा खर्च त्यातून भागतो.

आता काय करावे?

१) दवाखाना ट्रस्टचा आहे का, हे आधी विचारा. एखाद्या डॉक्टरांच्या स्वतःच्या खाजगी दवाखान्याला ही योजना लागू नाही. सीपीआर तर सरकारीच आहे.

२) दाखल होतानाच तेथील वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड सोबत ठेवा.

३) रुग्ण अत्यवस्थ असेल तर अनामत मागता येत नाही. त्याला लगेच दाखल करून जीव वाचवण्याचे उपचार करावेच लागतात. प्रकृती स्थिरावल्यावर गरज पडल्यास सरकारी रुग्णालयात पोहोचवण्याची व्यवस्थाही त्यांनीच करायची.

४) नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि कोल्हापूरच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

पोराच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल, तर तो हक्क वेगळा आहे. त्याचे कार्डही घरात हाताशी असू द्या.

ठिबक तपासायला सरकारचा माणूस येतो. दवाखान्यातल्या या खाटा खऱ्या गरजूला मिळतात की नाही, हे मात्र विचारणाऱ्यालाच कळते. कोणी विचारलेच नाही तर कागदावरची खाट कागदावरच राहते.

मिरगाच्या आधी आपण बियाणे घरात आणून ठेवतो. उत्पन्नाचा दाखलाही तसाच आधी काढून ठेवा. दुखणे वेळ सांगून येत नाही आणि रात्री बारा वाजता तहसील उघडी नसते.