पश्चिमेची भिंत

दिल्लीच्या ओल्ड राजिंदरनगरात यूपीएससीसाठी आलेली मराठी मुलं पुष्कळ. फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसवलेल्या या वस्तीत आता मजल्यांवर मजले चढलेत. अगदी वर, गच्चीवर, एकच खोली असते. तिला इथं बरसाती म्हणतात. आम्ही दोघांनी घेतली ती अशीच, भिंतीला पश्चिमेचं ऊन खाणारी.

सामानात दोन फोल्डिंग खाटा, पुस्तकांची मांडणी आणि जुन्या बाजारातला पत्र्याचा कूलर. सगळी अक्कल त्या कूलरनंच शिकवली. आधी तो खोलीत ठेवला, तर थोड्याच वेळात हवा दमट आणि अंग चिकट. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. मग वेल्डरकडून लोखंडी अँगलचं स्टँड करून घेतलं, कूलर खिडकीबाहेर टेकवला, भोवतीच्या फटी पुठ्ठ्यानं आणि चिकटपट्टीनं बुजवल्या. तरी गारवा खाटेपर्यंत पोचेना. उदबत्ती लावून धूर कुठं जातो ते पाहिलं. तो दाराशीच घुटमळत होता. दार वीतभर उघडं ठेवून खाली वीट लावली, तेव्हा धूर सरळ बाहेर निघाला.

खाटेचं गणित वेगळंच. दिवसभर तापलेली पश्चिमेची भिंत मध्यरात्रीपर्यंत ऊन परत करत राहते. 29 मे 2024 रोजी दिल्लीच्या सफदरजंग हवामान केंद्रात 46.8 अंश नोंदले गेले. अशा दिवसांत त्या भिंतीशी कोण झोपणार? तिथं पुस्तकं गेली, खाटा समोरच्या भिंतीशी आल्या. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी संध्याकाळीही चटके देई, म्हणून अंघोळीची बादली पहाटेच भरून ठेवायची.

जुलैत हवा ओली झाली की हाच कूलर चादरी दमट करतो. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा चालू. कूलरची टाकी मात्र आठवड्याला रिकामी करून घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास.

डिसेंबरात सगळं उलटं. कूलरच्या तोंडावर प्लास्टिक आणि गोणपाट ठोकायचं, कारण आता तिथून बोचरं वारं येतं. 1 जानेवारी 2021ला याच सफदरजंगचा पारा 1.1 अंशांवर होता. आणि पुस्तकं पुन्हा हलवायची, कारण धुकं नसलेल्या दिवशी रात्री थोडी ऊब देते ती पश्चिमेचीच भिंत. खाटा तिच्याशी. शेगडी खोलीत नको म्हणजे नकोच. बंद खोलीत कोळशाच्या धुरानं माणसं झोपेतच जातात, दर हिवाळ्यात तशा बातम्या येतात. दोन रजया आणि दाराखाली घडी केलेलं पोतं, एवढ्यावर निभतं.

खोली सोडताना कूलर विकावा, स्टँड मात्र खिडकीलाच राहू द्यावं. नव्या मुलांना निदान तेवढं मोजमाप आयतं मिळतं.