अतितीव्र कुपोषणावरील समुदायाधारित उपचार

अतितीव्र कुपोषणावरील समुदायाधारित उपचार म्हणजे 6 ते 59 महिने वयाच्या अतितीव्र कुपोषित बालकांना त्यांच्या गावातच शोधून, इतर गुंतागुंत नसल्यास रुग्णालयात न ठेवता घरी किंवा अंगणवाडीत बरे करण्याची पद्धत होय. शासकीय कागदपत्रांत अशा बालकांचा उल्लेख 'सॅम' श्रेणी असा होतो. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांसह संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 2007 मध्ये संयुक्त निवेदनाद्वारे या पद्धतीस मान्यता दिली. सुपोषित बालकांच्या तुलनेत अशा बालकांना मृत्यूचा धोका 5 ते 20 पट असतो, असे त्या निवेदनात नमूद आहे.

पार्श्वभूमी

पूर्वी प्रत्येक अतितीव्र कुपोषित बालकास रुग्णालयात दाखल करण्याची शिफारस होती. त्यासाठी आईला कित्येक दिवस तेथे राहावे लागे. घरी इतर मुले, शेतीची कामे आणि बुडणारी मजुरी असताना हे बहुतेक कुटुंबांना शक्य नसे; त्यामुळे बालक दाखलच होत नसे किंवा उपचार अर्धवट सोडून घरी नेले जाई. 1996 च्या सुमारास आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी फ्रान्समध्ये शेंगदाणे, दूध भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे व खनिजे यांचे दाट मिश्रण तयार केले. त्यात पाणी जवळजवळ नसल्याने जंतूंची वाढ सहजी होत नाही आणि ते शिजवावे लागत नाही. घरच्या घरी उपचार करणे यामुळे शक्य झाले. 2000 पासून इथिओपियात स्टीव्ह कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रत्यक्षात आणली.

बालकांचा शोध

'कुपोषण' या एका शब्दाखाली तीन भिन्न अवस्था येतात, आणि वृत्तपत्रीय लेखनात त्यांची नेहमी सरमिसळ होते. वयाच्या मानाने उंची कमी असलेले बालक खुजे, वयाच्या मानाने वजन कमी असलेले कमी वजनाचे आणि उंचीच्या मानाने वजन कमी असलेले रोडावलेले मानले जाते. अतितीव्र कुपोषण हे यांपैकी तिसऱ्या अवस्थेचे टोक होय. केवळ वयानुसार वजन पाहिल्यास अशी काही बालके निसटतात.

गावपातळीवरील मुख्य साधन म्हणजे रंगीत पट्टी. डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळतात. घेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी असल्यास लाल, 11.5 ते 12.5 असल्यास पिवळा आणि त्याहून अधिक असल्यास हिरवा रंग दिसतो. दोन्ही पायांवरील सूजही तपासतात: अंगठ्याने काही क्षण दाबल्यावर खळगा राहिला, तर पट्टीचा रंग कोणताही असो, बालक अतितीव्र कुपोषित ठरते. ही तपासणी टाळता येत नाही, कारण सुजेमुळे बालक बाळसेदार भासते आणि घरच्यांना त्याची काळजी वाटेनाशी होते.

उपचार

निर्णायक ठरते ती भूक चाचणी. बालकास उपचारात्मक आहार देऊन ते तो आवडीने खाते का, हे पाहिले जाते. भूक नसणे हे शरीरातील गंभीर बिघाडाचे लक्षण असते. असे बालक, तसेच तीव्र ताप, न्यूमोनिया, सतत उलट्या किंवा ग्लानी असलेले बालक रुग्णालयात पाठवतात. उरलेल्या बालकांना, म्हणजे बहुसंख्यांना, ठरावीक मात्रेत आहार, प्रतिजैविक आणि जंतनाशक औषध देऊन दर आठवड्याला वजन व दंडघेर मोजतात. दंडघेर 12.5 सेंटीमीटरवर पोहोचून किमान 2 आठवडे सूज नसेल, तर बालक बरे झाले असे मानतात.

महाराष्ट्रातील स्थिती

राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षण-5 (2019–21) नुसार राज्यातील 5 वर्षांखालील 25.6 टक्के बालके रोडावलेली, तर 10.9 टक्के अतितीव्र रोडावलेली होती. राज्यात अंगणवाडीच्या पातळीवर ग्राम बाल विकास केंद्र, तर गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी बाल उपचार केंद्र व पोषण पुनर्वसन केंद्र अशी रचना आहे. ग्राम बाल विकास केंद्रात बालकास दिवसातून अनेक वेळा थोडा थोडा आहार दिला जातो. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका ही कामे सांभाळतात.

पाकीटबंद आहार वापरावा की स्थानिक ताजे अन्न, यावर भारतात दीर्घ वाद झाला. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने पाकीटबंद उपचारात्मक आहार हे स्वीकृत धोरण नसल्याचे राज्यांना कळवले. बाजारपेठेचा शिरकाव होण्याची शंका रास्त असली, तरी नुसत्या खिचडीत या बालकांना लागणारे सूक्ष्म पोषक पुरेसे नसतात, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे.

मेळघाट आणि नंदुरबारसारख्या भागांत पाठपुरावा अधिकच अवघड जातो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडणी, वीटभट्टी किंवा इतर मजुरीसाठी स्थलांतर करतात. बालकाचे नाव गावच्या नोंदवहीत राहते आणि उपचार अर्ध्यावर थांबतो. मुक्कामाच्या जवळील अंगणवाडीत पुन्हा नोंद झाली तरच तो पुढे सुरू होऊ शकतो.