गरम पाण्याच्या पाइपला हलायला जागा हवी

ब्रिटनमधल्या अनेक जुन्या घरांत रेडिएटरकडे जाणारे तांब्याचे पाइप भिंतीच्या कडेने उघडेच गेलेले असतात. थंडीत बॉयलर सुरू झाला की थोड्याच वेळात ‘टक्, टक्’ असा आवाज येऊ लागतो. पाण्यात हवा अडकली असावी, असं पुष्कळांना वाटतं. बऱ्याचदा तो आवाज तांब्याच्या प्रसरणाचा असतो.

१ मीटर लांबीचा तांब्याचा पाइप १ अंश सेल्सिअसने तापला तर जेमतेम ०.०१७ मिलिमीटर लांबतो. पण १० मीटरचा पाइप १५ अंशांवरून ६५ अंशांवर गेला की ही वाढ साडेआठ मिलिमीटर होते! क्लिपने आवळलेल्या पाइपमध्ये ताण साचत जातो; तो घर्षणाला भारी पडला की पाइप झटक्यात सरकतो. तोच तो ‘टक्’.

म्हणून क्लिपने पाइप पेलावा, जखडू नये. १५ मिलिमीटर व्यासाच्या आडव्या पाइपला साधारण दर १.२ मीटरवर एक क्लिप पुरते. भिंतीतून जाताना तो सिमेंटमध्ये चिणू नये, जरा मोठ्या नळीतून न्यावा. वरून लाकडी पेटी करायची तर आत मोकळी जागा ठेवावी आणि फळी स्क्रूनेच बसवावी. गोंदाने चिकटवलेली पेटी सुबक दिसते खरी, पण सांधा गळू लागला की फोडावीच लागते.

आपल्याकडे सोलर हीटरसाठी वापरतात ती सीपीव्हीसीची नळी तांब्याच्या साडेतीन ते चार पट लांबते. गच्चीवरून सरळ लांब नळी टाकणार असाल, तर प्लंबरला मध्ये वळण द्यायला आवर्जून सांगा.