इंग्रजीच्या पेपरातला विषमतेचा आलेख

‘द रिच बिकेम फोर टाइम्स रिचर अँड द पुअर बिकेम पुअरर.’

इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीसाठी लिहिलेल्या एका सराव-उत्तरातलं हे वाक्य. काळ बरोबर, तुलनादर्शक रूपं बरोबर, जोडणीही ठाकठीक. तपासणाऱ्याने शेजारी बरोबरची खूण केली होती. उत्तरपत्रिकेच्या वरच्या बाजूला ज्या आलेखाचं वर्णन करायचं होतं तो छापलेला होता. त्या आलेखात श्रीमंत चौपट श्रीमंत झाल्याचं कुठेही नव्हतं आणि गरिबांचा तर त्यात पत्ताच नव्हता.

परदेशी शिकायला जाण्यासाठी आयईएलटीएस नावाची परीक्षा देतात, हे आपल्याला माहीत आहे. तिच्या ‘अकॅडमिक’ प्रकारात लेखनाचा पहिला प्रश्न असा असतो: एक आलेख, तक्ता किंवा आकृती देतात आणि वीस मिनिटांत किमान १५० शब्दांत तिच्यातल्या ठळक गोष्टी निवडून सांगायच्या असतात, जरूर तिथे तुलना करायची असते. आपल्या दहावी-बारावीच्या इंग्रजीतही आकृतीवरून परिच्छेद लिहिण्याचा प्रश्न असतो. हे काम इंग्रजीच्या शिक्षकांकडे जातं. ते वर चढण्यासाठी दहा क्रियापदं, खाली उतरण्यासाठी दहा, शिवाय ‘शार्पली’, ‘ग्रॅज्युअली’ अशी क्रियाविशेषणं फळ्यावर लिहून देतात. मुलं ती पाठ करतात. आलेख वाचायला मात्र कोणी शिकवत नाही, कारण तो गणिताचा भाग, आणि गणिताच्या तासाला आलेख काढायला शिकवतात, त्याविषयी बोलायला नाही.

तेव्हा एक खराखुरा आलेख घेऊन पाहू. तुम्हीही फळ्यावर काढा. आडव्या अक्षावर १९२२ ते २०२२ ही वर्षं. उभ्या अक्षावर भारतातल्या एकूण उत्पन्नात सर्वांत वरच्या १ टक्का लोकांचा वाटा, टक्क्यांत. आकडे नितीनकुमार भारती, ल्युका शान्सेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातले आहेत. १९२२ मध्ये १३ टक्के. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात २० टक्क्यांच्या वर. स्वातंत्र्याच्या सुमारास उतरून पुन्हा १३ च्या आसपास. पन्नाशीच्या दशकात थोडा चढ, मग दोन दशकं उतार आणि १९८२ मध्ये ६.१ टक्के, म्हणजे सगळ्यांत खालचा बिंदू. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून एकसारखी चढण आणि २०२२-२३ मध्ये २२.६ टक्के, शंभर वर्षांतला उच्चांक.

आता सगळ्यांत आधी मुलांना विचारा: उभ्या अक्षावर काय आहे? ‘उत्पन्न’ असं उत्तर येईल. ते चूक आहे. तिथे उत्पन्न नाही, उत्पन्नातला वाटा आहे.

वाटा म्हणजे काय हे लाडवांनी चटकन कळतं. वर्गात शंभर मुलं आहेत आणि शंभर लाडू आहेत असं समजा. सारखे वाटले तर प्रत्येकाला एक. २०२२-२३ च्या आकड्यांप्रमाणे वाटले तर एका मुलाला साडेबावीस लाडू मिळतील आणि तळाच्या पन्नास मुलांना मिळून पंधरा. एवढ्यावरून मुलांना एक गोष्ट स्वतःच सुचते: एक टक्का लोकांचा वाटा २२.६ टक्के, याचा अर्थ त्यांचं सरासरी उत्पन्न देशाच्या सरासरीच्या २२.६ पट. रुपयांत ताडून पाहता येतं. त्या वर्षी प्रौढ व्यक्तीचं सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे २ लाख ३५ हजार होतं आणि वरच्या एक टक्क्याचं सुमारे ५३ लाख. भागाकार करा. तळाच्या निम्म्या लोकांचं सरासरी उत्पन्न सुमारे ७१ हजार येतं. संपूर्ण समानता असती तर आलेखातली रेषा कुठे असती, हेही विचारा. बरीच मुलं शून्यावर म्हणतात. ती १ वर असती.

पुढचा प्रश्न जरा अवघड आहे. वाटा कमी झाला म्हणजे उत्पन्न कमी झालं का? समजा तळाच्या पन्नास मुलांना शंभर लाडवांतले वीस मिळत होते. पुढच्या वर्षी लाडू तीनशे झाले आणि त्यांच्या वाट्याला पंधरा टक्के आले, म्हणजे पंचेचाळीस लाडू. वाटा घटला, लाडू दुपटीहून जास्त झाले. अशा वेळी ‘द पुअर बिकेम पुअरर’ लिहिणं खोटं ठरेल, पण ‘विषमता वाढली’ लिहिणं खरं ठरेल. ही दोन विधानं वेगळी आहेत हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही उमगलेलं नसतं. सभांमधली भाषणं ऐकताना तसं वाटतं खरं!

आणखी एक बारकावा ‘द रिच’ या शब्दात दडला आहे. १९३५ चा एक टक्का आणि २०२२ चा एक टक्का ही एकच माणसं नाहीत, एकच घराणीही नसतील. दरवर्षी उत्पन्नानुसार रांग लावली की पुढे उभी राहणारी शंभरातली एक व्यक्ती, एवढाच त्याचा अर्थ. २०२२-२३ मध्ये ही रांगेच्या पुढची गर्दी सुमारे ९२ लाख प्रौढांची होती. म्हणून ‘श्रीमंत अधिक श्रीमंत झाले’ असं ही रेषा सांगतच नाही. ‘वरच्या एक टक्क्याचा वाटा वाढला’, इतकंच ती सांगते.

आता ‘चौपट’कडे वळू. ६.१ वरून २२.६. किती वाढला? याची बरोबर उत्तरं अनेक आहेत. २२.६ मधून ६.१ वजा केले तर १६.५ उरतात. हे १६.५ ‘टक्के’ नव्हेत, ‘टक्के-बिंदू’ आहेत. इंग्रजीत ‘पर्सेंटेज पॉइंट्स’. टक्क्यांतच सांगायचं तर १६.५ ला ६.१ ने भागायला हवं. वाढ सुमारे २७० टक्के येते. आणि पटीत सांगायचं तर वाटा ३.७ पट झाला. विद्यार्थी बेधडक ‘वाटा १६.५ टक्क्यांनी वाढला’ लिहितात. तसं असतं तर ६.१ चे जेमतेम ७.१ झाले असते. आपली वर्तमानपत्रंही बँकांच्या व्याजदराच्या बातम्यांत अशीच गफलत करतात, तेव्हा मुलांना फार रागावण्यात अर्थ नाही.

इथे एक गंमत आहे. इंग्रजीत ‘रोझ टू’ आणि ‘रोझ बाय’ यांत आपल्या मुलांचा हमखास गोंधळ होतो आणि तो शब्दयोगी अव्ययांचा दोष म्हणून तांबड्या शाईने दुरुस्त केला जातो. मराठीत हीच मुलं कधी चुकत नाहीत. भाव वीस रुपयांवर गेला आणि भाव वीस रुपयांनी वाढला, यांतला फरक पहिलीतल्या मुलालाही कळतो. ‘वर’ म्हणजे ‘टू’, ‘नी’ म्हणजे ‘बाय’. वाक्य आधी मराठीत बोलायला लावलं की निम्म्या चुका तिथेच गळतात. ‘हॅड फॉलन’चंही तसंच. ‘१९८२ पर्यंत वाटा ६.१ टक्क्यांवर उतरला होता’ या मराठी वाक्यातलं ‘होता’ दाखवा, पूर्ण भूतकाळाचं प्रयोजन समजावून सांगावं लागत नाही.

उत्तरात काय निवडायचं, हा खरा अवघड भाग. फक्त टोकांचे आकडे घेऊन ‘१९२२ मधले १३ टक्के २०२२ मध्ये २२.६ झाले’ असं लिहिलं तर वाक्य खरं आहे, पण मधलं शतक गेलं. सगळी वर्षं ओळीने लिहिली तर आलेखाचा तक्ता होतो. आलेखाकडे डोळे बारीक करून पाहिलं की तीन हालचाली दिसतात: चढ, लांब उतार, पुन्हा चढ. परीक्षकाला सुरुवातीला हवा असलेला ‘ओव्हरव्ह्यू’ तो एवढाच. मग शिखरं, दरी आणि त्यांची वर्षं. अर्थात सुरुवात कुठून धरायची यावर गोष्ट बदलते, हेही मुलांना दाखवावं. १९८२ पासून मोजलं तर वाटा जवळजवळ पावणेचारपट. तिशीच्या दशकातल्या शिखरापासून मोजलं तर किंचित जास्त. दोन्ही खरं, आणि वादात जो तो आपल्या सोयीचं वर्ष उचलतो.

‘पण सर, असं का झालं?’ हे कोणीतरी विचारतंच, विचारायलाच हवं. १९७३-७४ मध्ये उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर आयकर अधिभारासह ९७.७५ टक्के होता; बँकांचं, विम्याचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं; पुढे १९९१ मध्ये आर्थिक धोरण पालटलं. अर्थशास्त्रज्ञ या गोष्टींकडे बोट दाखवतात आणि त्यांच्यात वादही आहेत. इतिहासाच्या तासाला हे जरूर बोलावं. परीक्षेच्या उत्तरात मात्र याला जागा नाही. आलेखात १९९१ हे वर्ष दिसतं, उदारीकरण दिसत नाही. जे दिसतं तेवढंच नोंदवायचं आणि अंदाज वेगळा ठेवायचा, ही प्रयोगशाळेतल्या वहीचीच शिस्त आहे: आधी निरीक्षण, मग अनुमान.

ही रेषा येते कुठून, तेही थोडक्यात. ही पद्धत मूळची सायमन कुझनेट्स यांची. त्यांनी १९५३ मध्ये अमेरिकेसाठी आयकर विवरणांतून वरच्या लोकांचं उत्पन्न काढलं आणि त्याला राष्ट्रीय उत्पन्नाने भागलं. आपल्याकडची मालिका १९२२ ला सुरू होते, कारण त्या वर्षी आयकर कायदा झाला. आयकराची आकडेवारी २००० नंतर प्रसिद्ध होणं थांबलं आणि २०१६ मध्ये ती पुन्हा येऊ लागली. मधल्या काळातली रेषा इतर साधनांवरून बेतलेली आहे, पण कागदावर ती तितकीच ठसठशीत दिसते. आपणही वहीत दोन ठिपके पट्टीने जोडतो तेव्हा मधल्या जागेबद्दल काही माहिती असल्याचा आव आणत असतोच.

उभा अक्ष न वाचल्याने काय होतं, याचं मोठं उदाहरण २०२५ चं आहे. इटलीच्या कोर्राडो जिनी यांनी १९१२ मध्ये विषमतेचं एक माप सुचवलं. सगळ्यांना सारखं असेल तर शून्य, सगळं एकाकडेच असेल तर १००. जागतिक बँकेच्या २०२५ मधल्या एका टिपणात भारताचा जिनी निर्देशांक २०११-१२ मधल्या २८.८ वरून २०२२-२३ मध्ये २५.५ वर उतरल्याचं दिलं होतं. त्यावरून जुलै २०२५ मध्ये भारत हा जगातला चौथा सर्वांत समान देश असल्याचं सरकारी प्रसिद्धिपत्रकात आलं, बातम्या झाल्या. पण २५.५ हा आकडा खर्चाच्या पाहणीवरून काढलेला होता, उत्पन्नाचा नव्हता. श्रीमंत माणूस मिळकतीतला बराच भाग शिल्लक टाकतो, त्यामुळे खर्चातली तफावत उत्पन्नातल्या तफावतीपेक्षा कमी दिसते. शिवाय अनेक देशांचे आकडे उत्पन्नाचे असल्याने शेजारी ठेवून क्रमांक लावणंच बरोबर नव्हतं. त्याच टिपणात जागतिक विषमता कोशाच्या आधारे उत्पन्नाचा जिनी २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेल्याचंही लिहिलं होतं. एकाच देशाच्या दोन रेषा, एक उतरती आणि एक चढती. दोन्ही फळ्यावर काढा, अक्षांवरची नावं पुसा आणि वर्गाला वर्णन करायला सांगा. मग नावं लिहा.

वर्णन जमलं की नाही हे तपासायला एक सोपा खेळ आम्ही वापरतो. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवायचं. एकाच्या हातात आलेख, दुसऱ्याच्या हातात कोरा आलेख-कागद. पहिल्याने इंग्रजीत सांगायचं, दुसऱ्याने ऐकून रेषा काढायची, मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. मग दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरायचे. पहिल्या खेपेला ‘प्लमेटेड’ हा शब्द ऐकून बहुतेकांची १९८२ ची दरी थेट शून्याला टेकते. दुसऱ्या खेपेला सांगणारा आपण होऊन ‘फेल टू ६.१ पर्सेंट’ म्हणतो.