गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस आणि लोकमानस : खम्मम ते सिक्कीम

गर्भाशयमुखाचा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) संसर्गातून उद्भवतो, हे हॅराल्ड झुर हाउसेन यांच्या संशोधनातून पुढे आले व त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. तरीही विषाणू व कर्करोग यांचा हा संबंध लोकसमजुतीत फारसा उतरलेला नाही. मराठी बोलण्यात हा ‘पिशवीचा कॅन्सर’; त्या नावात गर्भाशय आणि गर्भाशयमुख हा भेदच लोपतो. शिवाय लस म्हटली की देवी, गोवर, पोलिओ आठवतात. न पसरणाऱ्या रोगावर, तीही दहा-बारा वर्षांच्या निरोगी मुलीला, लस कशासाठी, हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकच ठरतो.

त्याचे उत्तर सरळ आहे. हा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात. जे थोडे टिकून राहतात त्यांतून पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. झालेला संसर्ग लस बरा करीत नाही, म्हणून ती त्यापूर्वीच द्यावी लागते. आणि ती घेतल्यावरही पुढील वयात तपासणी टळत नाही. परंतु संकोचापोटी ‘लैंगिक’ हा शब्द गाळून नुसती ‘कर्करोगाची लस’ म्हटले, की ‘आताच का?’ या पालकांच्या शंकेला उत्तर उरत नाही, आणि त्या रिकाम्या जागी वंध्यत्वाच्या अफवा शिरतात.

तथापि लोकांच्या अविश्वासाचे खापर केवळ अज्ञानावर फोडणे न्याय्य नाही. २००९ मध्ये ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य शासने यांनी तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींसाठी लसीकरणाचा प्रात्यक्षिक प्रकल्प राबविला. सात मुलींच्या मृत्यूंच्या बातम्यांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो स्थगित झाला. बुडणे, सर्पदंश, विषप्राशन, हिवताप अशी कारणे चौकशीत आढळली. लसीशी संबंध आढळला नाही. पण त्याच चौकशीने दुसरी गोष्ट उघड केली. आंध्रमधील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. आदिवासी मुलींच्या आईवडिलांना विचारलेच गेले नव्हते. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात यावर कठोर ताशेरे ओढले. लस निर्दोष ठरली, पद्धत नाही; लोकस्मृतीत मात्र हा भेद राहिला नाही आणि ‘मुलींवर प्रयोग’ एवढेच रूढ झाले.

सिक्कीमचा अनुभव वेगळा आहे. तेथे २०१८ मध्ये राज्यव्यापी मोहीम झाली. प्रथम शिक्षक, डॉक्टर, पत्रकार व पालक यांच्याशी बोलणे झाले, सुई नंतर आली. पात्र मुलींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक मुलींनी लस घेतली. राज्य लहान आहे, हे खरे. पण खम्मममध्ये जे वगळले गेले तेच येथे आधी केले गेले, हेही तितकेच खरे.

या इतिहासाला एक अनपेक्षित पुरवणी आहे. बार्शी, पुणे यांसह देशातील काही केंद्रांवर २००९ मध्येच दोन व तीन मात्रांची तुलना करणारे वेगळे अध्ययन सुरू झाले होते. २०१० च्या स्थगितीने तेही थांबले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. दहा वर्षांच्या निरीक्षणानंतर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, विषाणूच्या १६ व १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेनेही जवळपास तितकेच संरक्षण मिळाल्याचे दिसले. इतर देशांतील पुराव्यांबरोबर हेही लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयोगटासाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या देशी लसीलाही त्याच वर्षी परवानगी मिळाली होती.