विश्लेषण : ब्रिटनच्या राजाला स्कॉटलंडच्या चर्चसाठी वेगळी शपथ का घ्यावी लागते?

१० सप्टेंबर २०२२ रोजी तिसरे चार्ल्स यांच्या राज्यारोहणाची घोषणा झाली. त्याच सभेत त्यांनी चर्च ऑफ स्कॉटलंडची कारभारपद्धती अबाधित राखण्याची शपथ घेतली. इंग्लंडच्या चर्चचे ते सर्वोच्च प्रमुख. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मात्र त्यांना असे पद नाही. या फरकामागे एका राजाचे शिर गेल्याचा इतिहास आहे.

वाद नेमका कशाचा?

बिशप असावेत की नाही, याचा. बिशप राजा नेमत असे, म्हणजे बिशप आले की चर्च राजाच्या मुठीत. प्रेस्बिटेरियन रचना खालून वर जाते: स्थानिक चर्चचे धर्मगुरू व ‘एल्डर’ यांची सभा, तिच्यावर विभागाची प्रेस्बिटरी, सर्वांत वर जनरल असेंब्ली. आपल्या पंचायत राजची आठवण व्हावी अशीच. १५९६ मध्ये धर्मगुरू अँड्र्यू मेलव्हिल यांनी सहाव्या जेम्सला तोंडावर सुनावले होते, की ख्रिस्ताच्या राज्यात तो राजा नव्हे, केवळ सदस्य आहे. जेम्सने तरीही हळूहळू बिशप आणलेच.

ठिणगी कशी पडली?

जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स याला बापाचा सबुरीचा मार्ग मानवला नाही. त्याने असेंब्लीला न विचारता नवे प्रार्थनापुस्तक लादले. २३ जुलै १६३७ रोजी एडिनबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये त्याचे वाचन सुरू होताच दंगल उसळली. जेनी गेडिस नावाच्या बाईने स्टूल फेकून मारले म्हणतात. ती आख्यायिका असेलही, दंगल खरी. फेब्रुवारी १६३८ मध्ये ‘नॅशनल कव्हेनंट’ या प्रतिज्ञापत्रावर सह्या सुरू झाल्या. नोव्हेंबरात ग्लासगोत असेंब्ली भरली. राजाचा प्रतिनिधी ती बरखास्त करून निघून गेला. सभासद बसून राहिले आणि त्यांनी बिशप हे पदच रद्द केले.

राजाला हे इतके महागात का पडले?

बंड मोडायला सैन्य हवे, सैन्याला पैसा आणि पैशासाठी पार्लमेंट. चार्ल्सने ती ११ वर्षे बोलावलीच नव्हती. १६४० मध्ये एप्रिलात बोलावली, पण पैसे न देता ती तक्रारी मांडू लागताच तीन आठवड्यांत मोडली. ऑगस्टमध्ये स्कॉटिश फौजांनी न्यूकॅसल घेतले. त्यांच्याच खर्चासाठी दिवसाला ८५० पौंड मोजण्याची नामुष्की राजावर आली. पुन्हा पार्लमेंट बोलवावी लागली आणि पुढे तिच्याशीच युद्ध जुंपले. ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

मग शपथ कधी आली?

१६६० मध्ये राजेशाही परतली, पाठोपाठ बिशपही. विरोधक माळरानांवर लपूनछपून प्रार्थना करत. अनेकांना मृत्युदंड झाला. १६९० मध्ये प्रेस्बिटेरियन पद्धत कायद्याने कायम झाली. १७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण होताना स्कॉटिश पार्लमेंटने प्रत्येक नव्या राजाला या शपथेची अट घातली. आजही जनरल असेंब्लीला राजाचा प्रतिनिधी हजर असतो. चर्चेत भाग घेण्याचा वा मत देण्याचा अधिकार त्याला नाही.